शुक्रवारी दुपारी फाटकावर

गेलेला माणूस मी परत पाहिला तो भर दुपारी, हातात वरणाची पळी असताना.

शुक्रवार होता. बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या इमारतीत शुक्रवारची नमाज सुटली की सगळ्यांना एकदम भूक लागते. खाली मोटरसायकलींची गर्दी होते आणि घराघरांतल्या घंटा एकामागून एक वाजायला लागतात. आमचीही वाजली. दाराशेजारच्या भिंतीवरचा छोटा पडदा उजळला आणि त्यावर समोरच्या घरातले भाऊ उभे होते. निळ्या चौकड्यांचा शर्ट, खांद्याला प्रवासाची बॅग, मान किंचित वर करून थेट कॅमेऱ्यात बघत होते. सेकंदभरच दिसले. मग डावीकडून पट्ट्यापट्ट्यांनी दुसरं चित्र आत सरकलं आणि त्यांच्या जागी हेल्मेट घातलेला माणूस "डिलिव्हरी, मॅडम" म्हणत उभा राहिला.

भाऊंना जाऊन तोवर बरेच महिने झाले होते. सुट्टीवर गावी म्हणून गेले आणि तिकडेच रात्रीत हृदयविकाराने संपले. माझ्या घरातला एसी त्यांनी इतक्यांदा दुरुस्त केला होता की त्यांचं उभं राहणं मी पाठीमागूनही ओळखलं असतं. गरम वरण माझ्या पायावर सांडलं तेव्हा मी भानावर आले.

माझी लेक सोफ्यावर पडून मोबाइल बघत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मा, वॉज दॅट बॅग अंकल अगेन?"

"अगेन म्हणजे?"

"ही कम्स ऑन फ्रायडेज. एव्हरीबडी नोज."

इमारतीतल्या सगळ्या पोरांना म्हणे ठाऊक होतं. कोणी कधी मोठ्यांना सांगितलं नव्हतं, कारण मोठ्यांनी विचारलं नव्हतं. मी पोरीवर उगाचच खेकसले. माझा स्वभावच तसा आहे, घाबरले की आधी राग येतो.

भुताखेतांचं मला भय नाही. आई म्हणायची, हिला भूत भेटलं तर ते बिचारं पाया पडून सुटका करून घेईल. मला भय वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. भिंतीवरचं ते यंत्र आमच्या कंपनीचं होतं आणि त्याच्या पोटातला जो भाग गेले काही आठवडे ऑफिसात माझ्यापुढे उघडा पडला होता, त्याच भागातून भाऊ बाहेर आले होते.

आमची कंपनी लहान. इमारतींच्या फाटकांवर बसतात ते कॅमेरे, घंटा आणि घरातले पडदे आम्ही बनवतो. प्रत्येक इमारतीत फाटकाजवळ एक डबा असतो आणि त्यात आमचं स्वतःचं छोटं कर्नेल चालतं. कर्नेल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. कोणाला किती जागा द्यायची, कोणाकडून परत घ्यायची, हे तो ठरवतो. हा कारभारी ज्यांनी लिहिला ते लोक केव्हाच नोकऱ्या सोडून चहूकडे पांगले होते. त्यातला मेमरीचा भाग ओळीओळीने वाचायचा, चुका काढायच्या आणि घडी नीट बसवून पुन्हा लिहायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दुसऱ्याच्या कोडमध्ये खुसपटं काढण्यात मी पटाईत आहे, त्यामुळे तक्रार नव्हती.

मेमरीचं साधं आहे. तिचे सारखे तुकडे केलेले असतात, त्यांना पानं म्हणतात. मोकळी पानं ढिगात पडलेली असतात, लग्नाच्या हॉलमध्ये ताटांची चळत असते तशी. लागेल तसं वरचं ताट उचलायचं, काम झालं की परत वरच ठेवायचं. त्यामुळे वरची ताटं सारखी फिरतात आणि तळाची तशीच राहतात. ताट परत आलं की ते विसळायला हवं, एवढा एकच नियम. आमच्या कोडमध्ये तो दोन ठिकाणी लिहिलेला होता आणि दोन्ही ठिकाणी पाळला जात नव्हता. पान परत घेणाऱ्याला वाटत होतं की देणारा पुसून देतो. देणाऱ्याला वाटत होतं की घेणाऱ्याने पुसूनच ठेवलंय. ऑफिसात माणसं जे करतात तेच त्यांच्या हातून कोडमध्येही उतरलं होतं.

कोणी घंटा दाबली की कॅमेरा जागा व्हायला सेकंदभर लागतो. तेवढ्यापुरतं पडद्याला एक पान उसनं दिलं जातं, काळं, कोरं समजून. त्यावर कोणी काही लिहीत नाही. खरं चित्र आलं की ते पान जसंच्या तसं चळतीत परत. आमच्या इमारतीला दोन फाटकं आहेत, एक पुढचं आणि एक पार्किंगचं. दोन्हीकडे एकाच वेळी घंटा वाजल्या तरच तळाचं पान वर यायचं. असं फक्त शुक्रवारी दुपारी व्हायचं. आणि तळाच्या पानावर भाऊ होते, कारण तेही एका शुक्रवारी दुपारीच निघाले होते.

एवढं समजल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. पण खात्री करायची म्हणून मी ऑफिसातल्या चाचणीच्या डब्यातली तळाची पानं एकेक करून पडद्यावर काढली. बाहेर उन्हाचा भगभगाट होता आणि आतल्या थंडाव्याने काचांवर बाहेरून वाफ धरली होती. पडद्यावर नोकरी सोडून गेलेला एक सहकारी आला, तोंडात समोसा घातलेला. मग कोणाचा तरी नुसता हात. मग मी आले. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, केस मोकळे, अशी हसतेय की मागचे दात दिसताहेत. असं मी कधी हसले, कोणाशी, काही आठवेना. ऑफिसात मी केस मोकळे सोडत नाही. ते हसू मी पुष्कळ वेळ बघत बसले आणि मग पडदा बंद करून खुर्ची दुसरीकडे वळवून बसले.

त्या संध्याकाळी मी समोरचं दार ठोठावलं. भाऊंची बायको माझ्याहून वयाने मोठी, रत्नागिरीकडची. मी तिला वहिनी म्हणते. ती एका शाळेत लहान मुलांना सांभाळते. व्हिसा शाळेचा, म्हणून नवरा गेल्यावरही इथे राहू शकली. शुक्रवारी शाळा बंद, तेव्हा ती माशाचं कालवण, भाकऱ्या करते आणि एकटे राहणारे आपले लोक डबे न्यायला येतात.

मी सगळं समजावून सांगायचं ठरवून गेले होते. घाबरायचं काही नाही, यंत्रातला दोष आहे, मीच दुरुस्त करणार आहे, वगैरे. वहिनीने चहा ठेवला आणि माझं अर्धं बोलणं ऐकून म्हणाली, "तुला पण दिसले काय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्यापासनं. डबेवाल्यांची गर्दी झाली की येतात. नाहीतर नाही येत." चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मी फाटक उघडते हो त्यांना. बटण दाबते. उन्हात कशाला उभं ठेवू?"

दर शुक्रवारी भर दुपारी आमच्या इमारतीचं फाटक एका गेलेल्या माणसासाठी उघडत होतं आणि जो कोणी खरोखर बाहेर उभा असेल तो आत येत होता.

मी म्हटलं, "वहिनी, मी ते चित्र डब्यातून काढून देते तुम्हाला. मोठं करून, फ्रेम करून. मग तो दोष काढून टाकते."

"फोटो ढीगभर आहेत गो माझ्याकडे. फोटोतले हे घंटा वाजवत नाहीत."

मग तिने त्या दिवसाचं सांगितलं. भाऊ बॅग घेऊन खाली गेले. टॅक्सी यायची होती. त्यांच्या मागोमाग डबेवाले येणार आणि घरभर तांदळाचं पीठ, माशाची खवलं, म्हणून वहिनीने लगेच केरसुणी घेतली. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्यामागे लगेच केर काढायचा नसतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिलाही माहीत होतं. निम्मा केर झाला नि घंटा वाजली. पडद्यावर भाऊ. "येतो गो," म्हणाले. वहिनी म्हणाली, "या." खाली गेली नाही, कारण केर अर्धा राहिला होता.

"तेवढंच शेवटचं बघितलं मी ह्यांना. पडद्यावर. हातात केरसुणी धरून," ती म्हणाली. "रजा मिळून, तिकीट मिळून मी पोचले तर सगळं उरकलेलं होतं. आता तू म्हणतेस, ते पण पुसते. नको गो बाय. हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. मी चहा तसाच टाकून उठले.

ऑफिसात मी बाकीचं सगळं कोड आवरलं. पान परत आलं की त्याच क्षणी पुसायचं, असा नियम एकाच ठिकाणी लिहिला. माझा आग्रह पहिल्यापासून तोच होता. शिळं काही ठेवलेलं मला घरातही खपत नाही. पण काम पूर्ण झालं असं मी कोणाला सांगितलं नाही. आमचा साहेब बहारिनी, भला माणूस, रोज माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचा, "यल्ला, खलास?" म्हणजे, चल, झालं का? मी म्हणायची, "इंशाल्ला." त्या शब्दाचा इतका गैरफायदा मी आयुष्यात कधी घेतला नव्हता.

आणि दर शुक्रवारी दुपारी मी वहिनीकडे जाऊन बसायला लागले. ती भाकऱ्या थापायची आणि मी पडद्याकडे बघत राहायची. भाऊ यायचे. पण आता मला दिसायला लागलं होतं की ते थोडे थोडे कमी होताहेत. सोयीसाठी मी एक पान म्हणते, पण खरं तर एक चित्र पुष्कळ पानांवर पसरलेलं असतं आणि त्यातलं एखादं पान अधूनमधून दुसऱ्याच कामासाठी उचललं जायचं. आधी डावीकडची बॅग गेली. तिथे नुसत्या राखाडी ठिपक्यांचा उभा पट्टा आला. मग तिथला खांदा गेला. एका शुक्रवारी त्या जागी भलत्याच कोणाचं तरी कोपर होतं, पिवळ्या बाहीचं, भाऊंच्या छातीला चिकटलेलं. वहिनीने ते बघितलं आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने बटण दाबलं. खाली फाटक उघडल्याचा खट्ट आवाज झाला.

पोरं अजूनही त्यांना बॅग अंकलच म्हणत होती.

मग बुसैतीनहून फोन आला. तिथल्या एका दोन फाटकांच्या घरात आमचंच यंत्र होतं. घरात दुपारी म्हातारी आई एकटीच असायची. घंटा वाजली, पडद्यावर तिला आपला मुलगा दिसला, तिने दार उघडलं. दारात अनोळखी पुरुष. पत्ता चुकलेला होता, पाणी मागून प्यायला आणि निघून गेला. मुलगा तेव्हा ऑफिसात होता. साहेब माझ्यापुढे बसला आणि या खेपेला यल्ला म्हणाला नाही. हळू आवाजात त्याने विचारलं, "त्या जागी माझी आई असती तर?"

बुसैतीनच्या यंत्रांवर मी त्याच दिवशी नवीन कोड चढवलं. बुदैयाच्या हमरस्त्यावरच्या बंगल्यांवरही चढवलं. आमची इमारत तेवढी बाकी ठेवली आणि समोरचं दार ठोठावलं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. त्या म्हातारीचं ऐकताना तिने दोनदा "अगो बाई" म्हटलं. मग पदराने हात पुसले.

"मग पूस," म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या घरात चोर शिरावा असं नाही मला वाटत. पण पुसायच्या आधी मला एकदा खाली जायचंय. त्या दिवशी गेले नव्हते ना. ते फाटकावर आहेत तोवर मला तिथे जाऊन उभं राहायचंय."

मी तिला सांगितलं की खाली काहीच नसतं, जे असतं ते पडद्यावरच असतं, वर. तिथे उभं राहून तिला भिंत आणि घंटेचं बटण सोडून काही दिसणार नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "वर तू बस."

शुक्रवारी मी साहेबाला कळवलं की दुपारी शेवटची इमारत उरकते. नमाज सुटली. रस्ता पांढराफटक पडला होता, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वहिनीने डबे भरून दाराबाहेर ओळीने ठेवले होते. तिने स्वच्छ साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून वेणी घातली होती. माझी लेक पार्किंगच्या फाटकावर जायला तयार झाली. तिने मला का म्हणून एकदाही विचारलं नाही, हे मला तेव्हाच नवल वाटलं. तिने आमच्या घराची घंटा दाबून धरायची, म्हणजे वरचं पान तिकडे जाईल. मग पुढच्या फाटकावर वहिनीने स्वतःच्या घराची घंटा वाजवायची.

मी वहिनीच्या रिकाम्या घरात पडद्यासमोर उभी राहिले. फरशीवर पीठ सांडलेलं होतं. पिठात वहिनीच्या पावलांचे ठसे दारापर्यंत गेले होते. एसी घरघरत होता. पॅसेजपलीकडे आमच्या घरातली घंटा वाजली, ती लेकीची. मग माझ्या समोरचा पडदा उजळला.

भाऊ होते. डावी बाजू पार गेलेली, ठिपके आणि ते पिवळं कोपर. पण उजव्या बाजूला चेहरा शाबूत होता आणि डोळे थेट माझ्याकडे होते. आणि मग डावीकडून खरं चित्र सरकायला लागलं. पहिला पट्टा, दुसरा पट्टा. पिवळं कोपर पुसलं गेलं. ठिपके पुसले गेले. त्या जागी वहिनीचा खांदा आला, मग वेणी, मग चेहरा. ती चित्रात फाटकाच्या डाव्या कडेला उभी होती, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. कुठे उभं राहायचं हे मी तिला सांगितलं नव्हतं. क्षणभर, डोळ्याचं पातं लवेल तेवढाच वेळ, पडद्यावर दोघं शेजारी शेजारी उभे होते. तिची मान किंचित उजवीकडे वळलेली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज यायच्या आतच उरलेले पट्टे सरकले आणि मग पडद्यावर ती एकटी उरली.

मला रडू फुटलं. मी यंत्रांतली जाणकार, कोणतं पान कुठून आलं आणि कोणत्या ओळीने आलं हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी भिंतीला टेकून रडले. मग बटण दाबून मी फाटक उघडलं.

ती वर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. चप्पल काढून ती पिठाच्या कडेकडेने चालत येऊन खुर्चीत बसली.

"दिसले?" तिने विचारलं.

"दिसले."

"कसे होते?"

"तुमच्या शेजारी उभे होते, वहिनी. तुम्ही जागा सोडली होती तिथेच."

तिने मान हलवली, जणू तिला माहीत असलेलंच मी सांगितलं होतं. दारामागे गावाहून आणलेली माडाच्या हिरांची केरसुणी उभी होती. तिने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पाय वर घेऊन बसली. "आज असू दे केर," म्हणाली.

आमच्या घरी आले तर मोबाइलवर साहेबाचा मेसेज होता. झालं का? मी लिहिलं, उद्या सकाळी. त्याने विचारलं, का, काही अडचण? मी पुष्कळ वेळ इंग्रजीत शब्द जुळवत बसले आणि मग सगळं पुसून नुसतं लिहिलं, उद्या नक्की. पण फाटक उघडं पडायला नको म्हणून तेवढ्या वेळापुरतं मी सगळ्या घरांतलं फाटक उघडायचं बटण बंद करून टाकलं. डबेवाल्यांना आणि जेवण आणणाऱ्यांना त्या दिवशी प्रत्येक घरातून कोणी ना कोणी खाली जाऊन भेटलं. शेजाऱ्यांनी मला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या असणार.

सकाळी मी लॅपटॉप उघडून बसले. सगळं तयार होतं. एक कळ दाबली की फाटकाजवळचा डबा नव्याने सुरू होणार होता आणि तळापर्यंतची सगळी पानं कोरी होणार होती. लेक येऊन माझ्या शेजारी बसली. चहा थंड झाला तरी आम्ही दोघी तशाच बसलो होतो.

बऱ्याच वेळाने समोरच्या दारातून केरसुणीचा आवाज आला. आधी एकदाच, मग जरा थांबून, मग एकसारखा.

मग मी कळ दाबली.